तीन नंबरची नळी

डिसेंबर १९५३ मध्ये मी हिंगणघाटहून बैलबंडीनं वडनेरला आलो, तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि लाकडी खोक्यात रुईत गुंडाळलेले आठ थर्मामीटर होते. रसायनशास्त्र घेऊन नागपुरातून बी. एस्सी. झालो होतो. शेती खात्यात लागून जेमतेम सहा महिने झाले होते. काम सोपं होतं. कापसाच्या जिनात साठवलेली सरकी किती तापते आणि तापलेल्या सरकीची उगवण किती घटते, याच्या हंगामभर नोंदी घ्यायच्या.

वडनेरचा जिन लहानसाच होता. कापसाच्या बंड्या सकाळपासून फाटकाशी रांग लावून उभ्या राहत. आत इंजिन धडधडे, यंत्रांच्या एका बाजूनं रुई उडे, दुसऱ्या बाजूनं सरकी पडे. यंत्रांवर कापूस लावणाऱ्या बायांच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्याफेक होत. सरकी मागच्या गोदामात जाई. दगडी भिंती, वर पत्रे आणि आत साठ फूट लांब, दोन पुरुष उंच ढीग. तिथला वास तेलकट, मातकट, किंचित दुधाळ होता. पहिले दोन दिवस नकोसा वाटला, मग आवडायला लागला.

ढिगात मी आठ लोखंडी नळ्या ठोकल्या आणि प्रत्येकीवर रंगानं नंबर टाकला. सकाळी आठला आणि दुपारी चारला थर्मामीटर सुतळीनं आत सोडायचा, दहा मिनिटं थांबायचं, वर ओढून वाचायचा. पहिल्याच दिवशी सात नळ्यांत पारा पंच्याहत्तर-शहात्तर अंश फॅरनहाइटवर होता. तीन नंबरच्या नळीत अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

मला आनंदच झाला. ओलसर सरकी आपोआप तापते, तेच तर पाहायला आलो होतो. बी जिवंत असतं. ते हवेतला प्राणवायू घेतं, स्वतःतलं तेल कणाकणानं जाळतं आणि ऊब सोडतं. एका दाण्याची ऊब हाताला कळणार नाही, पण हजारो मणांच्या ढिगात ती बाहेर पडायला वाट मिळत नाही. ऊब साठली की जळणं वाढतं, जळणं वाढलं की ऊब वाढते. ओल्या कुटाराची गंजी अशीच आतून पेटते. जवसाच्या तेलात भिजलेला चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकून विसरलं, तर काडी न लावता धुमसायला लागतो. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की हंडाभर पाणी खदखदतं. या सगळ्यांची मला लहानपणापासून गंमत वाटे. आणि या सगळ्यांत एक नेम आहे: तापणारी वस्तू एक तर तापत जाते, नाहीतर थंड होत जाते. मधल्याच एका आकड्यावर ठाण मांडून बसत नाही.

तीन नंबरची नळी बसली होती. एकोणीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. मी थर्मामीटर बदलले. नळी बदलली. डॉक्टरच्या थर्मामीटरवर त्या आकड्याशी एक लाल बाण असतो, हे मला माहीत होतं, पण त्याचा विचार मी करत नव्हतो.

विसाव्या दिवशी मी चुन्याची निवळी केली. जळण्यातून निघणारा वायू निवळीत गेला की ती दुधासारखी पांढरी होते. रबरी फुग्यानं एक नंबरच्या नळीतली हवा ओढून बाटलीत सोडली. निवळी पांढुरकी व्हायला वीस मिनिटं लागली. तीन नंबरच्या नळीतली हवा सोडली, ती अर्ध्या मिनिटात पांढरी झाली. मग दुसऱ्या बाटलीत मी स्वतः फुंकर मारून पाहिली. अर्धा मिनिट.

"ऊन लागलं ना हाताले?"

मी दचकलो. मागे आनंदाबाई उभ्या होत्या, हातात सरकी ओढायचं लाकडी दाताळं. गोदामात सरकी पसरणं, चाळवणं हे त्यांचं काम. शिवाय मी राहत होतो ते त्यांच्याच घरी. जिनाचे मॅनेजर अण्णाजी यांनी माझी सोय रूपराव मिस्त्रींकडे लावून दिली होती, आणि आनंदाबाई रूपरावांच्या पत्नी. दोघंही पन्नाशीच्या आसपास. घरात तिसरं कोणी नव्हतं. पहिले आठ दिवस त्या मला 'साहेब' म्हणाल्या. मग एके सकाळी मी अर्धी भाकर ताटात टाकून उठलो, तेव्हा 'बस खाली, पाखरावाणी काऊन जेवतं तू' म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी त्यांचा 'बाप्पा' झालो.

"काकू, ही जागा आधीपण गरम असायची?" मी विचारलं.

"दर साली," त्या म्हणाल्या. ढिगाशी बसून त्यांनी फडक्यातली भाकर सोडली. दुपारची भाकर त्या रोज तीन नंबरच्या नळीशीच बसून खात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. खाऊन झाल्यावर त्यांनी उजवा तळहात सरकीवर ठेवला, तान्ह्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत तसाच राहू दिला.

सरकी दर साली नवी येते आणि पावसाळ्यापूर्वी गोदाम झाडून रिकामं होतं. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही.

रूपरावांनीच मला सांगितलं, रविवारी सकाळी, विहिरीवर इंजिनाचं तेल लागलेले हात राखेनं घासता घासता. त्यांना एक मुलगी होती, कोकिळा. १९४९च्या फेब्रुवारीत, नऊ वर्षांची असताना, ती आईची भाकर घेऊन गोदामात आली. खालून सरकीची पोती भरणं चालू होतं. ढीग वरून शाबूत दिसत होता, आतून सरकत होता. पोर त्यावर चढली.

"मी गेलतो इंजिनावर," रूपराव म्हणाले. "तिची माय खालून सरकी ओढून राह्यली होती. कोनाले काई दिसलं नाई. घंटाभरानं सापडली."

त्यांनी आणखी एक चिमूट राख घेतली.

"अंग ऊनच होतं तिचं. सरकीत राह्यली ना, थंडं कसं होणार. हिनं हात लावला, म्हने झोपली हाय, उठवा. ऊन लेकराले कसं नेता म्हने." त्यांनी हातांवर पाणी घेतलं. "तुमी शिकले-सवरले. थे जागा कायची हाय, तुमाले ठावं असंन. पन तिले सांगू नका."

मला ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, मी मोठेपणानं गप्प राहतोय.

एप्रिलात माझ्या सगळ्या स्पष्टीकरणांचा निकाल लागला. वडनेरचं ऊन, वर पत्रे. ढीग आतपर्यंत तापला. सात नळ्यांत पारा एकशे तीन, एकशे चार. तीन नंबरच्या नळीत अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. आता आनंदाबाई तळहात ठेवत तेव्हा त्यांना तिथं गार लागत असे. जळण्यानं वस्तू तापते, हे मी समजावून सांगू शकतो. भोवतालच्या भट्टीत स्वतःला गार ठेवणारं जळणं मला एकच माहीत आहे, आणि ते आपल्या सगळ्यांच्या अंगात चालतं.

मी एक काम केलं. बारीक सळईला थर्मामीटर बांधून ती जागा बोटाबोटानं तपासली, कडा कुठे सुरू होते, कुठे संपते, आणि मिळालेले बिंदू आलेखाच्या कागदावर मांडले. लांबी चार फूट सहा इंच. बिंदू मी जोडले नाहीत. कागद घरी लाकडी तक्तपोसावर राहिला, आणि रूपरावांनी तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"डाव्या कुशीवर निजे ती," ते म्हणाले. "एक हात गालाखाली घेऊन."

कागदावर उजव्या बाजूचे काही बिंदू मला चुकीचे वाटले होते. ते मी खोडणार होतो. खोडले नाहीत.

पुढच्या हंगामात मी स्वतः मागून घेऊन वडनेरला परत आलो. नवी सरकी, नवा ढीग, नळ्या त्याच. तीन नंबर पहिल्याच सकाळी अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. आनंदाबाईंनी मला पाहून 'वाळला रे तू' म्हटलं आणि ताटात तिसरी भाकर वाढली. त्या हिवाळ्यात मी त्या घरचाच होतो. संध्याकाळी रूपराव मला इंजिनाचे आवाज ओळखायला शिकवत आणि मी त्यांना चुना पाण्यात तापतो कसा ते समजावत असे. आनंदाबाई चुलीपाशी ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "म्हंजे जेवलेलं अन्न आपल्या पोटात जळते काय बाप्पा?" मी म्हटलं, हो, हळूहळू, ज्वाळ न होता. त्या विचार करत राहिल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्या आपल्या भाकरीतला एक तुकडा सरकीत पुरायला लागल्या. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन दिवस अवकाळी पाऊस झाला, गाराही पडल्या. मागच्या भिंतीवरचा एक पत्रा उचकटला आणि त्या कोपऱ्यातली सरकी भिजली. वरवरची ओली सरकी काढून पत्रा ठोकला गेला. त्या कोपऱ्यात माझी एकही नळी नव्हती. तिथं एक घालायला हवी, असं मनात आलं होतं. घातली नाही.

नवव्या दिवशी सकाळी आठ वाजता तीन नंबरच्या नळीत पारा एकोणऐंशी.

मी पुन्हा सोडला. एकोणऐंशी. इतर नळ्यांइतकाच.

आनंदाबाई माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. त्यांनी दाताळं टाकलं, ढिगाशी आल्या, हात ठेवला. मग एक पाऊल सरकून पुन्हा. मग दोन्ही हातांनी, गुडघ्यांवर, ढिगाच्या कडेकडेनं चाचपत निघाल्या. चाळीस फूट त्या तशा गेल्या, मागच्या भिंतीपर्यंत, आणि तिथं थांबल्या.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या. "ताप हाय तिले."

मी सळई घातली. एकशे तीन.

माझ्या मनात पहिला विचार आला तो साधा होता: सरकी भिजली, म्हणून तापली. पण इतका मोजका आकडा मला पटेना. सळई काढून मी दोन फूट पुढे, भिंतीच्या बाजूला घातली. पारा एकशे साठ ओलांडून थर्मामीटरच्या टोकाला जाऊन थडकला आणि काच तडकली. सळईबरोबर एक वास वर आला, भाजलेल्या शेंगदाण्यांचा.

तो वास मला पुस्तकातून माहीत होता. ओल्या सरकीनं आधी स्वतःला वाळवलं होतं, आणि आता आतलं तेलच पेट घेत होतं. ढीग उघडला तर हवा मिळून ज्वाळ होणार. न उघडला तर दुपारपर्यंत गोदाम, मग रुईचं कोठार, मग यंत्रांवरच्या चाळीस बाया.

मी धावत जाऊन अण्णाजींना सांगितलं. रूपरावांनी इंजिन बंद केलं. विहिरीपासून बादल्यांची रांग लागली, पोती भिजवली गेली. भिंतीच्या बाजूनं पहिली फावडी मारली तेव्हा सरकी काळी निघाली. दुसरी फावडी मारली तेव्हा लाल.

आनंदाबाई ढिगावर चढल्या होत्या.

"काकू, खाली या."

त्या पालथ्या पडल्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत सरकीत. आगीपासून हातभर अंतरावर.

"कोकिळाची माय, उतर," रूपराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. मग सरकीशी तोंड नेऊन बोलल्या, शेजारच्या बाजेवरच्या माणसाशी बोलावं तसं. "सरक, माय. मी हाय ना इथं. सरक तिकडं. आपल्या जाग्यावर जाय."

माझी सळई त्यांच्या शेजारी ढिगात होती. दुसरा थर्मामीटर बांधून सोडला होता. मी तो वर ओढला. एकशे तीन.

पुन्हा सोडला. एकशे एक.

धुरानं डोळे चुरचुरत होते. खाली बायका पोती मारत होत्या.

चौऱ्याण्णव.

ज्वाळेच्या इतक्या जवळ पारा उतरत होता.

ब्याऐंशी.

"रूपरावजी," मी ओरडलो, "तीन नंबर पाहा."

ते गेले. मला त्यांची पाठ दिसत होती. सुतळी हातात धरून ते उभे राहिले, मी रोज उभा राहत असे तसे, घाई न करता.

"अठ्ठ्याण्णव," ते म्हणाले. "वर थोडंसं."

आनंदाबाईंनी हात काढले आणि त्या स्वतःच खाली उतरल्या. कोपरापर्यंत कातडी भाजून सुटली होती.

आग दुपारी बारापर्यंत विझली. आनंदाबाईंच्या हातांना खोबरेल लावून कापड गुंडाळलं. चार दिवस रूपराव त्यांना भरवत होते. भरवताना दोघंही एकमेकांकडे पाहत नसत, आणि माझ्याकडेही नाही.

चौथ्या दिवशी अण्णाजी वही घेऊन गोदामात आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरलेले होते. "ज्या नळीत गरमी असेल तिथला माल आजच बाहेर काढतो," ते म्हणाले. "एकेक आकडा सांगा."

मी एक नंबर सांगितला, दोन नंबर सांगितला. आनंदाबाई गुंडाळलेले हात मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. तीन नंबरच्या नळीतला थर्मामीटर मी वर ओढला. पारा होता तिथेच होता.

"एकोणऐंशी," मी म्हटलं.

सरकारी नोंदीतलं ते माझं पहिलं खोटं. त्यानंतर हंगामभर दिवसातून दोनदा तेच लिहीत गेलो. त्या मार्चमध्ये एकदा पुन्हा सळईनं कडा मोजल्या. चार फूट नऊ इंच. जुना कागद काढून शेजारी ठेवला. कुशी तीच होती, गालाखालचा हातही. पाय लांब झाले होते.

मी मोजमाप आनंदाबाईंना सांगितलं. त्यांना सांगण्यासारखी बातमी माझ्याजवळ पहिल्यांदाच होती.

"होय," त्या म्हणाल्या. "बापासारकी उंच होईन."

१९५६च्या नोव्हेंबरात आमचा भाग मुंबई राज्यात गेला, आणि मी बढतीवर वर्ध्याला. आता पाच-सहा जिनांतले निरीक्षक आपले आकडे माझ्याकडे पाठवत. वडनेरच्या नव्या माणसाला मी तीन नंबरची नळी सोडून द्यायला सांगितलं. वर्षातून दोन-तीनदा मी स्वतः जात असे, जेवायला म्हणून. सत्तावन्नच्या एप्रिलात मोजलं तेव्हा पाच फूट भरले. आदल्या वर्षीही पाच फूटच होते.

"वाढायची थांबली," मी म्हटलं.

"सतरा सरून अठरावं लागलं," आनंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातांवरचे डाग आता पांढुरके झाले होते. "किती दिवस ठेवू मी तिले इथं?"

त्या मे महिन्यात, गोदाम रिकामं व्हायच्या आदल्या दिवशी, त्यांनी वाटीभर हळद कालवली आणि तीन नंबरच्या नळीभोवतीच्या सरकीला लावली. रूपरावांनी मला हे नंतर सांगितलं, थोडं हसून. पण त्यांनीही पाच बोटं लावली होती.

पुढच्या हंगामात मी वडनेरला गेलो तेव्हा तीन नंबरच्या नळीत सत्त्याहत्तर होते. सगळीकडे सत्त्याहत्तर. मी साठ फूट ढीग हातानं चाचपला. आनंदाबाई शांतपणे सरकी ओढत होत्या.

"गेली," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"दिल्या घरी. मले काय ठावं कोठी? तुलेच इचारणार होती मी. तू गावोगाव फिरतं. पाह्यजो बाप्पा, सुखात हाय का नाई."

मी हो म्हटलं.

फेब्रुवारीत आर्वीकडच्या एका जिनातून कवडू नावाच्या आमच्या निरीक्षकाचं पत्र आलं. कवडू कमी शिकलेला, पण फार सरळ माणूस. त्यानं लिहिलं होतं: 'आमच्या ढिगात एक जागा मी आलो तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, कायम अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार अंश असते. ती मी खात्याला कळवली नाही, याची माफी असावी. इथल्या बायजाबाईंचा मुलगा जंगू सात वर्षांपूर्वी सरकीत दबून गेला, त्या तिथं बसतात, म्हणून कळवली नाही. पण यंदा त्या जागेच्या शेजारी दुसरी जागा झाली आहे. तेवढाच पारा. लांबी पाच फूट. आता दोन्ही कशा लपवू, ते सांगावं.'

पत्र मी दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि दुपारच्या गाडीनं हिंगणघाटला निघालो.

रूपरावांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. आनंदाबाईंनी एकदाच ऐकलं.

"पोराची माय कशी हाय?" त्यांनी विचारलं.

अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात. त्या सणाच्या चार दिवस आधी आम्ही तिघं निघालो. पुलगावपर्यंत मोठी गाडी, पुढे आर्वीची छोटी. आनंदाबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. सोबत खण, नारळ, सांजोऱ्यांचा डबा आणि बांबूची एक वीतभर खोल टोपली, आत धुतलेलं धोतर अंथरलेलं.

बायजाबाई फाटकाशीच उभ्या होत्या. काळ्यासावळ्या, किडकिडीत, कपाळावर गोंदण. कवडूनं त्यांना सांगून ठेवलं होतं. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. रूपरावांनी काही विचारायला तोंड उघडलं, बहुतेक जात, आणि मिटलं.

"या, इहिनबाई," बायजाबाई म्हणाल्या.

त्यांनी गूळ-पाणी दिलं. मग दोघी गोदामात गेल्या आणि ढिगाशी शेजारी शेजारी बसल्या. मी आणि कवडू दाराशी थांबलो. त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यानं कानावर येत होतं. पोर हट्टी होती काय. नाई, पन रुसे लवकर. माहा जंगूही तसाच. बराच वेळ दोघी हसत होत्या. आनंदाबाईंना मी इतकी वर्षं ओळखत होतो, त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं.

निघताना बायजाबाईंनी दोन्ही ओंजळींनी सरकी उचलून टोपलीत भरली. नीट भरून झाल्यावर त्यांनी धोतराचा पदर वर ओढून घेतला. "आठ दिसानं धाडजो," त्या म्हणाल्या. "त्याले करमत नाई."

टोपली रूपराव उचलायला गेले आणि तसेच वाकून राहिले. मी दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी मिळून ती बंडीत ठेवली, बंडीतून छोट्या गाडीत, गाडीतून पुलगावच्या फलाटावर. आनंदाबाई मागून फक्त 'सावकास' म्हणत होत्या.

पुलगावला पार्सलबाबूनं आम्हाला अडवलं. एवढ्याशा टोपलीला दोन माणसं लागलेली त्यानं पाहिली होती. त्याला वाटलं, आत लोखंड असावं. त्यानं ती काट्यावर ठेवायला लावली.

एक मण सहा शेर.

त्यानं काट्याला हलकेच ठोकर मारली. पुन्हा पाहिलं. मग पदर बाजूला करून आत हात घातला. बोटं तळाला, बांबूला लागल्याचा आवाज आला. वर वीतभर सरकी, दुसरं काही नाही. हात त्यानं लगेच काढला नाही. काढला तेव्हा दुसऱ्या हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिला, आणि पदर होता तसा पुन्हा घातला.

"न्या," तो आनंदाबाईंना म्हणाला. "सावलीत ठेवा. इथं ऊन लागेल तिला."